आठवडा नाटकांचा, प्रश्न परतीच्या गाडीचा

प्रतिनिधी, सायखेडा (ता. निफाड)

सायखेडा आणि नाशिक यांच्यातील अंतर पंचवीस-तीस किलोमीटरचे. महाविद्यालय, दवाखाना, कोर्टकचेरी, लग्नाचा बस्ता अशा कामांसाठी गोदाकाठच्या या गावातून रोज कितीतरी माणसे शहरात जातात आणि दिवेलागणीपर्यंत घरी परततात. नाटक मात्र दिवेलागणीनंतर सुरू होते. त्यामुळे ज्या शहराशी रोजचे येणे-जाणे आहे, त्याच शहराच्या रंगभूमीशी सायखेड्याची ओळख वर्तमानपत्रातील जाहिरातीपुरती उरते. आवड नसते असे नाही. अडते ते परतीच्या गाडीपाशी.

नाशिककरांची गोष्ट थोडी वेगळी असली, तरी फार वेगळी नाही. घरापासून नाट्यगृह वीस मिनिटांवर असूनही वर्षात एकही नाटक न पाहणारी घरे शहरात कमी नाहीत. पाहुणे आले की पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर दाखवायचे, मिसळ खाऊ घालायची आणि निरोप द्यायचा, एवढ्यावर शहराची ओळख आटोपते. प्रत्यक्षात एक आठवडा नीट आखला, तर नाटक, खाद्यभ्रमंती, ग्रंथालय, गोदाघाट आणि पक्ष्यांचे पाणथळ असा सगळा आस्वाद फारसा खर्च न करता घेता येतो. हा आठवडा कसा आखावा, त्यातील कोणती गोष्ट कोणत्या वारी आणि का, आणि परतीचा प्रश्न कसा सोडवावा, याचा हा आढावा.

नाटककारांचे शहर

नाशिकला मंत्रभूमी, यंत्रभूमी अशी बिरुदे लावली जातात. मराठी रंगभूमीच्या दृष्टीने मात्र हे नाटककारांचे शहर आहे. वि. वा. शिरवाडकर अर्थात कुसुमाग्रज यांचे वास्तव्य येथलेच. १९७० मध्ये रंगभूमीवर आलेले ‘नटसम्राट’ आणि १९८७ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार यांमुळे त्यांचे नाव देशभर पोहोचले. निफाड तालुक्यातील वाचकांना आवर्जून सांगायला हवे, की शिरवाडकरांचे बालपणीचे शिक्षण याच तालुक्यातील पिंपळगाव बसवंत येथे झाले. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिणारे वसंत कानेटकर नाशिकच्या हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात प्राध्यापक होते. एकाच काळात एकाच शहरात असे दोन नाटककार नांदावेत, हे भाग्य फार थोड्या गावांच्या वाट्याला आले.

ही परंपरा त्या पिढीबरोबर संपलेली नाही. नाशिकच्या प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ २०१७ च्या डिसेंबरमध्ये व्यावसायिक रंगमंचावर आले. तुकोबांची आवली आणि विठ्ठलाची रुक्मिणी यांची भेट घडविणाऱ्या या नाटकाच्या संहितेला २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. दत्ता पाटील यांनी लिहिलेले आणि सचिन शिंदे यांनी दिग्दर्शित केलेले ‘हंडाभर चांदण्या’ पाण्याच्या टंचाईने गांजलेल्या माणसांची कथा सांगते. ही नाटके नाशिकच्या मातीतून उगवली. ज्या गावांच्या जगण्यावर असे लेखन उभे राहते, त्या गावांतील प्रेक्षक नाट्यगृहात दिसत नसेल, तर ते नुकसान दोन्ही बाजूंचे आहे.

शनिवार-रविवारच नाटक का?

नव्याने नाटक पाहू लागलेल्यांना पहिला प्रश्न हा पडतो, की चांगली व्यावसायिक नाटके नेहमी आठवड्याच्या शेवटीच का येतात? याचे उत्तर कलेत कमी आणि हिशेबात अधिक आहे.

व्यावसायिक नाटकांच्या बहुतेक संस्था मुंबई-पुण्याच्या. नाशिकला प्रयोग लावायचा म्हणजे नेपथ्याचा ट्रक किंवा टेम्पो आदल्या रात्री अथवा पहाटे निघतो. रंगमंच कामगार नेपथ्य उभे करतात, प्रकाशयोजना लावतात आणि कलावंत स्वतंत्र बसने येतात. कलावंतांना प्रत्येक प्रयोगाचे ठरावीक मानधन मिळते. रंगभूमीच्या भाषेत त्याला ‘नाइट’ म्हणतात. त्यात नाट्यगृहाचे भाडे, जाहिरात, प्रवास, भोजन-निवास आणि तिकीटविक्री करणाऱ्याचा वाटा यांची भर पडते. पाचशे माणसे आली काय आणि पन्नास आली काय, हा खर्च बहुतांशी तेवढाच राहतो. त्यामुळे खुर्च्या भरण्याची शक्यता ज्या दिवशी अधिक, तोच दिवस निर्माता धरतो. शिवाय अनेक कलावंत दूरचित्रवाणी मालिकांच्या चित्रीकरणात अडकलेले असतात. दौऱ्यासाठी त्यांना सवड मिळते तीही सुटीच्या दिवशी.

काही प्रयोग ‘कंत्राटी’ असतात. म्हणजे स्थानिक संयोजक संस्थेला ठरलेली रक्कम देतो आणि तिकीटविक्रीतील नफा-तोटा स्वतः सोसतो. एखादा प्रयोग रिकामा गेला, तर त्याची झळ संयोजकाला लागते आणि पुढच्या वेळी नवे, प्रयोगशील नाटक आणण्याऐवजी तो दोन ओळखीचे चेहरे असलेले हलकेफुलके नाटक निवडतो. ‘आमच्याकडे चांगली नाटके येत नाहीत’ ही तक्रार म्हणूनच प्रेक्षकसंख्येपासून वेगळी काढता येत नाही. नाशिकला सहज येऊ शकणाऱ्या निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांतील प्रेक्षक या गणितात धरलेलाच नसतो. तो धरला गेला, तर संयोजकाची हिंमत वाढेल.

करोनाच्या काळात, म्हणजे २०२० आणि २०२१ मध्ये, राज्यातील नाट्यगृहे दीर्घकाळ बंद होती. पडदा पुन्हा उघडला, तरी घरी बसून मनोरंजनाची सवय जडलेला प्रेक्षक परत आणणे हे निर्मात्यांपुढील आव्हान ठरले. खुर्चीवर बसलेल्या प्रत्येक माणसाची किंमत तेव्हापासून अधिकच वाढली आहे.

दोन नाट्यगृहे, एकच परिसर

बाहेरगावच्या प्रेक्षकासाठी नाशिकची एक मोठी सोय आहे. शहरातील दोन प्रमुख नाट्यगृहे जवळजवळ आहेत आणि मध्यवर्ती बसस्थानकापासून तेथे पायी जाता येते. शालिमार परिसरातील महापालिकेचे महाकवी कालिदास कलामंदिर हे व्यावसायिक नाटकांचे मुख्य ठिकाण. स्मार्ट सिटी योजनेतून नूतनीकरण होऊन २०१८ मध्ये ते पुन्हा खुले झाले.

दुसरे नाट्यगृह टिळक पथावरील सार्वजनिक वाचनालयाचे. १८४० मध्ये स्थापन झालेली ही संस्था नाशिककरांच्या तोंडी ‘सावाना’ म्हणून आहे आणि तिच्या नाट्यगृहाला ‘प. सा.’ म्हणतात. ही आद्याक्षरे परशुराम साईखेडकर यांची. सायखेडा, साईखेडा अशा गावनावाशी नाते सांगणारे हे आडनाव नाशिकच्या नाट्यगृहावर कोरलेले आहे. आता त्या नावाच्या गावातील रसिकही तेथे नियमित दिसावेत, ही अपेक्षा वावगी नाही.

मधल्या वारांची मेजवानी

व्यावसायिक नाटक शनिवार-रविवारचे. मग सोमवार ते शुक्रवार काय? त्याचे उत्तम उत्तर हिवाळ्यात मिळते. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून सुरू आहे. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये राज्यातील विविध केंद्रांवर तिची प्राथमिक फेरी होते आणि नाशिक हे त्यांपैकी एक जुने केंद्र. फेरी सुरू झाली, की रोज संध्याकाळी नवे नाटक, नवा संघ. शिक्षक, बँक कर्मचारी, कारखान्यातील कामगार, महाविद्यालयीन विद्यार्थी अशी मंडळी दिवसभराचे काम आटोपून दोन-दोन महिने तालीम करतात आणि एका संध्याकाळी सर्वस्व पणाला लावून उभी राहतात. निवड झालेले नाटक अंतिम फेरीत जाते.

या स्पर्धेची तिकिटे नाममात्र दराची असतात. चौघांच्या कुटुंबाला व्यावसायिक नाटकाच्या एका तिकिटापेक्षाही कमी पैशांत पूर्ण दोन अंकी नाटक पाहता येते. प्रयोग साधारणपणे सातच्या सुमारास सुरू होत असल्याने तो रात्री दहाच्या आत संपण्याची शक्यता असते. सगळीच नाटके उत्तम असतात असे नव्हे. एखादा अंक रेंगाळतो, प्रकाशाचा मेळ चुकतो, पाठांतर अडखळते. पण मराठी रंगभूमीवरील कितीतरी नामवंत याच पायरीवरून वर चढले. स्पर्धेचे वेळापत्रक आणि स्थळ दरवर्षी स्वतंत्रपणे जाहीर होते. वर्तमानपत्रातील स्थानिक पान त्या दिवसांत नजरेखालून घालावे.

सात दिवस असे आखावेत

सायखेड्याच्या कुटुंबाने रोज शहरात यावे, असे कोणी म्हणणार नाही. आठवड्यात तीन फेऱ्या शहराच्या, एक दिवस घराजवळचा आणि उरलेले दिवस तयारीचे, अशी वाटणी सोयीची. शहरातील वाचकांनी हाच आराखडा आपल्या सवडीने हलवावा.

सोमवार : शोध आणि तिकिटे. आठवड्याच्या पहिल्याच दिवशी शनिवार-रविवारच्या प्रयोगांची जाहिरात पाहावी. तिकिटे मोबाइलवरून काढता येतात. नाट्यगृहाच्या खिडकीवरही मिळतात. खिडकीवर आसनांचा ‘प्लॅन’ पाहून जागा निवडण्याचा फायदा असा, की वृद्धांसाठी कडेची, दाराजवळची खुर्ची मागून घेता येते. ऐकू कमी येणाऱ्यांना पुढील रांगा सोयीच्या. बाल्कनीची तिकिटे स्वस्त. मात्र चेहऱ्यावरचा सूक्ष्म अभिनय तेथून निसटतो.

मंगळवार : वाचनाची संध्याकाळ. या दिवशी कोठेही जायचे नाही. घरातल्या सर्वांनी मिळून एखाद्या नाटकाचा एक प्रवेश मोठ्याने वाचावा. शिरवाडकर किंवा कानेटकर यांची नाटके गावच्या वाचनालयातही सापडतील. मुलांना संवाद वाटून दिले, की नाटक म्हणजे काय हे समजावून सांगण्याची वेगळी गरज उरत नाही.

बुधवार : स्पर्धेचे नाटक. दुपारी उशिरा निघून पाचच्या सुमारास मेन रोड गाठावा. नाटकापूर्वी खायचे ते हलके असावे. उपवास असो वा नसो, सायंतारा येथील साबुदाणा वडा हा नाशिककरांचा जुना शिरस्ता. सातला नाटक, नंतर थेट परत.

गुरुवार : विश्रांती आणि चर्चा. आदल्या रात्रीचे नाटक आवडले का, शेवट पटला का, यावर घरात बोलावे. नाटकाचा अर्धा आनंद या बोलण्यात असतो.

शुक्रवार : सकाळी गोदाघाट, दुपारी ग्रंथ. शहरातील हा दिवस उजेडाचा असल्याने परतीची काळजी नाही. त्याचा तपशील पुढे दिला आहे.

शनिवार : व्यावसायिक नाटक. शक्य असेल तेव्हा पाचच्या सुमाराचा प्रयोग निवडावा. तो साडेसात-आठपर्यंत संपतो. रात्री नऊ-साडेनऊचा प्रयोग मध्यरात्रीकडे झुकतो आणि मग परतीचा प्रश्न आ वासून उभा राहतो.

रविवार : प्रवास उलट दिशेने. या दिवशी शहराने सायखेड्याकडे यावे आणि सायखेडेकरांनी आपलाच परिसर नव्याने पाहावा.

घाटावरची सकाळ, पुस्तकांतली दुपार

शुक्रवारची सकाळ पंचवटीतील मिसळीने सुरू व्हावी. नाशिकच्या मिसळीचा स्वतंत्र थाट आहे. काळ्या मसाल्याचा रस्सा, मटकीची उसळ, शेव, कांदा, लिंबू आणि सोबत भाजलेला अथवा तळलेला पापड. कोठे चुलीवरचा रस्सा मिळतो, कोठे सोबत दह्याची वाटी येते. तिखटाची सवय नसलेल्यांनी रस्सा वेगळा मागून घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. गोडासाठी बुधा हलवाई यांची जिलेबी आणि घरी नेण्यासाठी कोंडाजी चिवडा ही नावे जुन्या नाशिकात कोणीही सांगेल.

पोट भरले, की काळाराम मंदिराकडे चालत जावे. काळ्या पाषाणातील हे मंदिर सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारले. त्याची शिल्पकला पाहताना एक तारीख विसरता कामा नये. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह येथे सुरू झाला आणि तो पुढे पाच वर्षे चालला. माणसाला माणूस म्हणून प्रवेश मिळावा यासाठी झालेल्या त्या लढ्याची कथा मुलांना याच दारात उभे राहून सांगावी.

तेथून रामकुंड, नारोशंकराचे मंदिर आणि घाटावरील दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला, की नाशिककर पाणी फुटांत मोजत नाहीत. मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, असे सांगतात. शहरासाठी हे पूर पाहण्याचे ठिकाण. सायखेड्यासाठी मात्र तो धोक्याचा निरोप असतो, कारण हेच पाणी काही तासांत चांदोरी-सायखेड्याला पोहोचते. पुढे नदी ओलांडून सराफ बाजार आणि भांडी बाजाराच्या गल्ल्यांतून चालत मेन रोड गाठता येतो. तांब्या-पितळेची भांडी पाहायला पैसे पडत नाहीत.

दुपार सावानाच्या वास्तूत किंवा गंगापूर रस्त्यावरील कुसुमाग्रज स्मारकात घालवावी. स्मारकातील ‘विशाखा’ सभागृहाचे नाव कुसुमाग्रजांच्या १९४२ मधील काव्यसंग्रहावरून आले. व्याख्याने, काव्यवाचन, संगीताच्या बैठका, पुस्तक प्रकाशन असे कार्यक्रम येथे होत असतात आणि त्यांपैकी बरेच विनामूल्य असतात. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजनाही लक्षात ठेवण्याजोगी. पुस्तकांनी भरलेली पेटी वाचकांच्या गटाकडे द्यायची, ठरावीक काळाने ती बदलायची, असे तिचे स्वरूप. गावात वाचकांचा गट जमला, तर पुस्तकांसाठी प्रत्येकाने शहरात खेटे घालण्याची गरज राहत नाही.

रविवारी शहराने यावे गोदाकाठी

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने निघाले, की चांदोरी लागते आणि तेथून वळून गोदावरीचा पूल ओलांडला, की सायखेडा. निफाड तालुक्याचा हा भाग ‘गोदाकाठ’ म्हणूनच ओळखला जातो. ऊस, कांदा, द्राक्षे आणि गहू यांचा हा टापू. सायखेड्यात पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार आहे. कांद्याचा भाव शहरात किलोत कळतो. येथे तो क्विंटलमध्ये बोलला जातो. शहरातील मुलांना हा फरक लिलावाच्या दिवशी प्रत्यक्ष दाखविण्यासारखा आहे. रविवारी बाजार बंद असल्यास शेतातल्या चाळीत साठवलेला कांदा तरी पाहता येईल.

चांदोरी हे इतिहासातले नाव. पेशव्यांचे दिल्ली दरबारातील वकील असलेल्या हिंगणे घराण्याचा या गावाशी संबंध आहे. या घराण्याच्या पत्रव्यवहाराचे ‘हिंगणे दफ्तर’ अठराव्या शतकातील उत्तरेच्या राजकारणाचे महत्त्वाचे साधन मानले जाते. गावाजवळच्या नदीपात्रात जुनी मंदिरे आहेत. पाणी पुरेसे उतरले तरच ती उघडी पडतात. एरवी ती गोदावरीच्या पोटात असतात. पात्रात उतरण्यापूर्वी स्थानिकांना विचारणे आवश्यक.

पूर्वेला गेल्यावर नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी इंग्रजी राजवटीत बंधारा बांधला गेला. त्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरले आणि त्यातून पक्ष्यांचे नंदनवन तयार झाले. जानेवारी २०२० मध्ये या पाणथळाचा रामसर यादीत समावेश जाहीर झाला. महाराष्ट्राला मिळालेला हा पहिला मान. हिवाळ्यात चक्रवाक, तलवार बदक, चित्रबलाक, जांभळी पाणकोंबडी, वारकरी असे पक्षी चापडगावच्या बाजूने चांगले दिसतात. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास उत्तम. भडक कपडे टाळावेत, दुर्बीण सोबत घ्यावी आणि गाण्याचा आवाज गाडीतच बंद करावा. निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे. पारा येथे काही वर्षी शून्याच्या जवळ जाऊन आला आहे. स्वेटर, कानटोपी विसरू नये.

जेवण या परिसरातच करावे. बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत, मिरचीचा ठेचा, कुळथाचे शेंगोळे हे हिवाळ्यातले येथले खरे पक्वान्न. जानेवारीनंतर आलात, तर द्राक्षे थेट बागेतून विकत घेता येतील; मात्र बागेत शिरण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी, कारण एका घडामागे वर्षभराची मेहनत असते.

सायखेड्याच्या पुलावर थांबून नदीकडे एकदा नीट पाहावे. २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये गोदावरीच्या पुराने या परिसराला वेढले. ऑगस्ट २०१९ च्या पुरात बाजारपेठा आणि घरे पाण्यात गेली. पूर नसताना येथे दिसते ती पानवेल. शहरातील सांडपाण्यावर पोसलेली ही वनस्पती प्रवाहाबरोबर वाहत येते आणि पुलाच्या खांबांना अडकते. नाशिकमध्ये नदीत जे सोडले जाते, ते कोणाच्या दारात जाते, हे पाहण्यासाठी यापेक्षा स्पष्ट जागा नाही. शहराचे पाणी, शहराचा कचरा सायखेड्याला न मागता मिळतो. शहराच्या नाट्यगृहातील खुर्चीसाठी मात्र त्याला परतीच्या गाडीची विवंचना करावी लागते.

परतीचा हिशेब

ही विवंचना सोडविण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, वेळेची निवड. पाचचा प्रयोग किंवा सातची स्पर्धा धरली, तर रात्र फार होत नाही. तरीही शेवटच्या गाडीची वेळ निघण्यापूर्वी बसस्थानकावर विचारून घ्यावी. वेळापत्रके ऋतूनुसार आणि शाळांच्या सुट्यांनुसार बदलतात. एसटीच्या नियमित फेऱ्यांत पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ मध्ये मोफत प्रवास मिळाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे लागू झाले. कुटुंबासह जाणाऱ्यांचा खर्च त्यामुळे बराच कमी झाला आहे.

दुसरा, वाटून घेतलेली गाडी. चार-पाच कुटुंबांनी मिळून जीप ठरवली, तर प्रत्येकावर येणारा भार सोसण्याजोगा असतो. परतताना महिला आणि वृद्धांची सोबतही होते.

तिसरा मार्ग सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत कमी वापरला जाणारा. एसटी महामंडळाची बस ‘प्रासंगिक करारा’वर मिळते. लग्नाच्या वऱ्हाडासाठी, शाळेच्या सहलीसाठी आपण ती घेतोच. नाटकासाठी का घेऊ नये? गावातील वाचनालय, महिला मंडळ, शिक्षकांचा गट किंवा गणेशोत्सव मंडळ यांनी पुढाकार घेतला, तर चाळीस-पंचेचाळीस जणांचा जथा एकाच वेळी नाट्यगृहात उतरू शकतो. प्रयोग संपेपर्यंत गाडी थांबते आणि शेवटच्या माणसाला गावात सोडते. अशा गटाने संयोजकाशी आधी संपर्क साधला, तर एकगठ्ठा तिकिटांवर सवलत मागता येते. संयोजकालाही ती देणे परवडते, कारण चाळीस खुर्च्या आधीच भरलेल्या असतात. आठवड्याच्या मधल्या वारी येणाऱ्या गटाचे तर कोणताही संयोजक स्वागतच करील.

गोदाकाठच्या गावांना सामूहिक करमणूक नवी नाही. जत्रेतल्या तमाशाला, रात्रभराच्या भजन-कीर्तनाला गावे एकत्र बसत आली आहेत. कलावंत गावात येत आणि गाव जागत असे. आता कलेचे ठिकाण शहरात गेले; मग गावाने मिळून तेथे जाण्याची सवय लावून घ्यायला हवी.

इतर ऋतूंतही पर्वणी

हिवाळा हुकला, तरी निराश होण्याचे कारण नाही. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिन. मराठी भाषा गौरव दिनानिमित्त त्या सप्ताहात शहरात कार्यक्रमांची रेलचेल असते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार एक वर्षाआड याच दिवशी दिला जातो. १९९१ मध्ये पहिला पुरस्कार विजय तेंडुलकर यांना मिळाला होता. होळीनंतर पाचव्या दिवशी येणारी नाशिकची रंगपंचमी ही आणखी एक आगळी परंपरा. जुन्या नाशिकातील पेशवेकालीन ‘रहाडी’, म्हणजे जमिनीतील दगडी हौद, त्या दिवशी उघडून रंगाने भरले जातात आणि लोक त्यांत उड्या घेतात. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते. उन्हाच्या काहिलीनंतर नदीकाठच्या मोकळ्या पटांगणात विचार ऐकण्याचा अनुभव काही वेगळाच. त्यासाठी तिकीटही लागत नाही.

पावसाळ्यात मात्र सायखेडा-चांदोरीकडील रविवार टाळावा. गंगापूर आणि दारणा धरणांतून विसर्ग सुरू असेल, तर नदीकाठी सहल काढणे धोक्याचे. त्या दिवसांत कालिदासमधील एखादे विनोदी नाटक आणि बाहेर पडल्यावर गरम पाववडा हाच उत्तम बेत.

एका खुर्चीचे मोल

नाट्यगृहात जाताना दोन-चार पथ्ये पाळली, तर आपल्यासह शेजाऱ्याचाही आनंद वाढतो. तिसरी घंटा होण्यापूर्वी जागेवर बसावे, मोबाइल पूर्ण बंद ठेवावा, खाद्यपदार्थांच्या पिशव्या बाहेरच संपवाव्यात. अगदी लहान मूल रडू लागले, तर त्याला घेऊन काही वेळ बाहेर जाण्यात संकोच नसावा. म्हणूनच अशा कुटुंबांनी दाराजवळची जागा घेतलेली बरी. आणि नाटक आवडले, तर पडदा पडल्यावर टाळी मनापासून वाजवावी. हौशी संघांना बिदागी अशी काही नसतेच. त्यांचे मानधन तेवढेच असते.

सात दिवसांचा हा बेत सर्वांना एका दमात जमेल असे नाही. ज्यांना जमणार नाही, त्यांनी एका संध्याकाळपासून सुरुवात करावी. सायखेड्याच्या चाळीस माणसांनी वर्षातून दोनदा नाशिकचे नाटक पाहिले आणि नाशिकच्या चाळीस कुटुंबांनी वर्षातून एकदा गोदाकाठ पाहिला, तरी नाट्यगृहाला नवा प्रेक्षक मिळेल आणि नदीला शहरात तिची बाजू मांडणारी माणसे मिळतील. येत्या हिवाळ्यात स्पर्धेचे वेळापत्रक जाहीर झाले, की गावच्या वाचनालयात एक कागद लावावा आणि त्यावर येणाऱ्यांनी नावे लिहावीत. चाळीस नावे झाली, की गाडी ठरवायची. परतीची चिंता तेथेच मिटते.